केबलच्या किमतीत आवाज किती?

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत किंवा सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत विजेचा संदेश आहे तसा पोचवणे, एवढेच केबलचे काम. ती त्यात भर घालू शकत नाही. फार तर कमी बिघाड करू शकते. नागपुरात सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत दोनशे रुपयांत मिळणारी केबल आणि त्याच कामासाठी ऑनलाइन वीस हजारांना विकली जाणारी केबल यांच्यातला फरक तपासायचा, तर या बिघाडाचाच हिशेब मांडावा लागतो. तो स्पीकर, ॲनालॉग जोडणी आणि डिजिटल जोडणी यांत वेगवेगळा आहे.

स्पीकरच्या तारेत महत्त्वाचा असतो तो रोध, आणि तो ठरतो तारेची जाडी, लांबी आणि धातू यांवरून. बाजारात साधी फ्लेक्स वायर १४/७६, २३/७६, ४०/७६ अशा आकड्यांनी मागतात. पहिला आकडा तारेतल्या बारीक काड्यांचा, दुसरा प्रत्येक काडीच्या जाडीचा, म्हणजे ०.००७६ इंचाचा. ४०/७६ची जाडी भरते सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर. बैठकीच्या खोलीत स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते आणि तिचा रोध होतो साधारण ०.१५ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे आवाजात सुमारे ०.१६ डेसिबलची घट येते. नीट कान देऊन ऐकणाऱ्यालाही अर्ध्या डेसिबलच्या आतला फरक सहसा कळत नाही.

आता तांब्याऐवजी त्याच जाडीची शुद्ध चांदीची तार घेतली तर? चांदीचा रोध तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के कमी. म्हणजे वरच्या हिशेबात फरक पडतो डेसिबलच्या शंभराव्या भागाचा. उलट तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. जानेवारीत २० अंशांवर असलेली खोली मे महिन्यात कूलर बंद असताना ४० अंशांवर गेली की त्याच तारेचा रोध आठ टक्क्यांनी चढतो. चांदीने जे कमावून द्यायचे, त्याहून अधिक नागपूरचा उन्हाळा एका दुपारी काढून घेतो. आणि तरीही उन्हाळ्यात गाणी बेसूर झाल्याची तक्रार कोणी करत नाही. तारेवर बाण छापून ‘याच दिशेने जोडा’ असे सांगणेही स्पीकरच्या बाबतीत निरर्थक आहे, कारण तिथला प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो.

जाडीत कंजुषी केली तर मात्र किंमत मोजावी लागते. छोट्या सभागृहात १४/७६ची बारीक तार पंधरा मीटर ओढून चार ओहमचा स्पीकर जोडला, तर वाटेतला रोध १.२५ ओहमच्या घरात जातो आणि ॲम्प्लिफायरने दिलेल्या ताकदीचा जवळपास चौथा भाग तारेतच गरम होऊन संपतो. इथे ७०/७६ किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. विजेच्या दुकानातली चांगल्या कंपनीची, आयएसआय चिन्हाची वायर चालते. खरी फसवणूक होते ती धातूत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून खपवली जाते. तिचा रोध बराच जास्त असतो आणि वाकवून-वाकवून ती लवकर तुटते. पारख सोपी आहे: गुंडाळी हाताला हलकी लागते, आणि काडी ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते.

सोन्याच्या मुलाम्याचा गैरसमजही जुना आहे. सोने तांब्यापेक्षा विजेचे वाईट वाहक आहे. पिनेवर ते देतात ते केवळ गंजू नये म्हणून, आणि पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग होतो. पण हा थर इतका पातळ असतो की केबलची किंमत हजारोंनी वाढवण्याइतका त्याचा खर्च येत नाही.

डीव्हीडी प्लेअर, टर्नटेबल किंवा मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडणाऱ्या आरसीए केबलमध्ये संदेश दुबळा असतो, म्हणून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. कूलरची मोटर आणि पंप ज्या बोर्डावर, त्याच्याच वायरला खेटून आरसीए केबल गेली असेल तर स्पीकरमधून ‘घूं’ असा ५० हर्ट्‌झचा आवाज येऊ शकतो. दाट जाळीचे आवरण असलेली केबल आणि दोन्ही वायरींत हातभर अंतर, एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. तरीही ‘घूं’ थांबला नाही तर टीव्हीला आलेली केबल किंवा डिशची वायर काढून पाहावी. आवाज बंद झाला तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा असतो, म्हणजे दोन उपकरणे दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेल्याचा. सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेणे किंवा आयसोलेटर लावणे हा त्यावरचा उपाय. महागडी केबल इथे काहीही करत नाही. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे मात्र जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. तेव्हा खड्ड्यात पाणी घालणे हे कोणत्याही केबलपेक्षा मोलाचे.

केबलवर खर्च करणे खऱ्या अर्थाने सार्थ ठरते ते मंचावर. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात माइकचा दुबळा संदेश बराच लांब न्यावा लागतो. तिथे तीन पिनांची एक्सएलआर केबल वापरतात. तिच्या दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट जातो. वाटेत दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट पलीकडे वजाबाकीत निघून जातो. तिथेही पैसे द्यायचे ते मजबूत कनेक्टर, पक्के सोल्डरिंग आणि रोज गुंडाळली तरी न तुटणाऱ्या आवरणासाठी. कार्यक्रमाच्या मध्येच माइक बंद पडतो तो बहुधा पिनेपाशी, टाका सुटल्यामुळे. तांबे कमी शुद्ध असल्यामुळे नव्हे.

आता डिजिटल जोडणी. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडणारी एचडीएमआय २००२ साली आली. या जोडणीतून जातात शून्य आणि एक. ते पलीकडे बरोबर पोचले तर चित्र जसेच्या तसे दिसते. चुकू लागले तर पडद्यावर चमकते ठिपके येतात, चित्र तुटते किंवा पडदा काळा होतो. रंग ‘अधिक गडद’ किंवा चेहरे ‘अधिक जिवंत’ होण्याची सोय या पद्धतीत नाही. प्रश्न फक्त केबलच्या क्षमतेचा. सेकंदाला ६० चौकटींच्या फोर-के चित्राला १८ गिगाबिटची केबल पुरते, तिला प्रीमियम हायस्पीड म्हणतात. १२० चौकटींच्या खेळांसाठी किंवा एट-के साठी ४८ गिगाबिटची अल्ट्रा हायस्पीड लागते. तिच्या खोक्यावरचे प्रमाणपत्राचे लेबल मोबाइलने स्कॅन करून तपासता येते. दोन-तीन मीटरपर्यंत अशी केबल काहीशे ते दीड-दोन हजार रुपयांत मिळते. छतावरच्या प्रोजेक्टरसाठी पंधरा-वीस मीटर लागत असतील तर ऑप्टिकल फायबरची केबल महाग असली तरी गरजेची ठरते.

उरतो प्रश्न कानांचा. महाग केबलने आवाज खुलला असे अनेकांना मनापासून वाटते. किंमत ठाऊक असली की कान तसेच ऐकतात. म्हणून कोणती केबल जोडली आहे ते न सांगता ओळखायला लावणे हीच खरी परीक्षा. दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का, तेव्हा नऊ बरोबर आले तर फरक खरा मानायला हरकत नाही. २००७ साली अमेरिकेत जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या केबलपासून अशा रीतीने ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही आणि बक्षीस तसेच राहिले. चाचणी न झाल्याने काही सिद्ध होत नाही, पण ती घरी करायला खर्च येत नाही: केबल बदलायला एक माणूस आणि पाठ फिरवून ऐकणारा दुसरा, इतके पुरते.

थोडक्यात, पैसे द्यावेत ते पुरेशा जाडीला, खऱ्या तांब्याला, पक्क्या जोडाला आणि प्रमाणपत्राच्या लेबलला. हे सगळे मध्यम किमतीत मिळते. त्यापुढची रक्कम हौसेची, आणि हौसेला मोल नसते. आवाज सुधारण्यासाठी पैसे शिल्लक असतील, तर ते केबलऐवजी अधिक चांगल्या स्पीकरवर खर्च करावेत.