हयातीचा दाखला आणि वृद्धांची बोटे

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बहुधा बँकेच्या खिडकीपाशी स्वतः उभे राहावे लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू झाली आणि आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांच्या साहाय्याने हा दाखला दूरस्थ रीतीने देण्याची सोय झाली. सोय खरीच मोठी. परंतु तिची पहिली कसोटी लागली ती वृद्धांच्या बोटांवर.

बोटाच्या त्वचेवरील सूक्ष्म उंचवटे व त्यांमधील खाचा यांतील भेद टिपणे, हे ठसा वाचणाऱ्या यंत्राचे कार्य होय. वार्धक्यात त्वचा कोरडी पडते, तिची लवचिकता उणावते आणि उंचवटे सपाट होत जातात. ज्याने जन्मभर माती, चुना वा अवजारे हाताळली, त्याचे तर ते झिजूनच गेलेले असतात. यंत्र ओळख नाकारते, आणि “आजोबा, बोट नीट ठेवा” असे त्रासिक शब्द ऐकावे लागतात ते मात्र आजोबांना! वस्तुतः येथे उणे आहे ते यंत्राचे. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची पद्धत आली, हे म्हणूनच योग्य झाले. माणसाला यंत्राजोगे करण्यापेक्षा यंत्र माणसाजोगे करणे केव्हाही श्रेयस्कर.

तथापि चेहऱ्याच्या पद्धतीला स्मार्टफोन लागतो, आणि तो घरात असला तरी बहुधा नातवाच्या हातात असतो. नातू क्षणार्धात काम उरकतो. आजीला मात्र काहीच कळत नाही. ही मदत झाली, शिक्षण नव्हे. अशी सवय जडली की मोबाइलवर आलेला गुप्त अंकही कोणा परक्याला सांगण्यात तिला वावगे वाटत नाही, आणि लबाडांचे फावते ते नेमके येथेच. फोन तिच्याच हाती द्यावा, एका बैठकीत एकच कृती शिकवावी, तिच्याच वहीत तिच्याच शब्दांत ती लिहू द्यावी. वेळ अधिक लागेल, लागू द्यावा.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्या सर्वांना हे साधेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. यास्तव बँकेची जुनी खिडकी उघडीच राहिली पाहिजे, आणि २०२० पासून घरपोच ही सेवा देणारा पोस्टमनही. वर्तमानपत्रासाठी वृद्ध मंडळी रोज जेथे जमतात, त्या सार्वजनिक वाचनालयांनी ऑक्टोबरातच एखादी दुपार या शिकवणीसाठी राखून ठेवावी.