जपानी कार्टूनमधला बहिष्कृत आणि आपली मुले

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत गेल्या काही वर्षांत जपान दोन वाटांनी आला. पहिली वाट बुलेट ट्रेनची. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत पायाभरणी झालेला, जपानी कर्जाच्या बळावर उभा राहणारा ५०८ किलोमीटरचा मार्ग इथल्या आदिवासींच्या जमिनीतून जातो. त्याविरुद्ध ग्रामसभांनी ठराव केले, मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दुसरी वाट मुलांच्या हातातल्या मोबाईलची. 'नारुतो', 'वन पीस', 'अटॅक ऑन टायटन' ही नावे आज मुंबईच्या मुलांना जितकी पाठ आहेत तितकीच ती पाड्यावरच्या, आश्रमशाळेतल्या आणि बौद्धवाड्यातल्या पोरांनाही माहीत होऊ लागली आहेत. या वाटेबद्दल चळवळीत कोणी बोलत नाही. 'कार्टून बघतोय' म्हणून वडीलधारे नाक मुरडतात आणि विषय संपतो.

आम्हाला हा विषय इतका स्वस्त वाटत नाही. गोष्ट मुलाला नुसती करमणूक देत नाही. वीर कोणाला म्हणायचे आणि राक्षस कोणाला, हे ती शिकवते. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामायण आणि महाभारत लागले तेव्हा आमच्या वस्त्यांतही रस्ते ओस पडत होते. त्या मालिकांनी पुढच्या राजकारणाला कोणते खतपाणी घातले ते वेगळे सांगायला नको. तेव्हा आपण सावध नव्हतो. आज पोरे ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, पाहत असतील तर त्या मालिकांचे बरेवाईट आपल्या मापाने मोजले पाहिजे. आमचे माप साधे आहे. माणसाची किंमत जन्मावरून ठरते की कर्तृत्वावरून? पीडित स्वतः उठतो की तारणहाराची वाट पाहतो? आणि अन्याय करणारा पडल्यावर व्यवस्था बदलते की फक्त गादीवरचा माणूस बदलतो?

प्रथम 'नारुतो' घेऊ. मासाशी किशिमोतो यांची ही चित्रकथा १९९९ ते २०१४ चालली. तिची चित्रमालिका २००२ पासून २०१७ पर्यंत दोन भागांत झाली. नायक पोरका आहे. सारे गाव त्याला टाळते, आया आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. त्याचा स्वतःचा काहीही गुन्हा नाही. जन्माच्या दिवशी त्याच्यावर जे लादले गेले त्याची ही शिक्षा आहे. आपल्या मुलांना हे पोर आपले का वाटते, हे समजायला मानसशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. याच कथेत ह्यूगा नावाचे घराणे आहे. त्यात थोरल्या पातीचे ते मालक आणि धाकट्या पातीचे ते सेवक. सेवकांच्या कपाळावर लहानपणीच एक शापाची खूण उमटवली जाते आणि ती मरेपर्यंत जात नाही. त्या पातीतला नेजी म्हणतो की सारे जन्मानेच ठरलेले असते. नारुतो त्याला हरवतो आणि ही रीत बदलण्याचा शब्द देतो. मनुस्मृतीचे तत्त्वज्ञान आणि त्याला दिलेले उत्तर, दोन्ही इथे मुलाला समजेल अशा भाषेत समोरासमोर उभे आहेत. ही या मालिकेची मोठी ताकद.

पण पुढे काय होते? ज्या पोराला आपण गावकुसाबाहेरचा समजत होतो तो गावाच्या चौथ्या प्रमुखाचा मुलगा निघतो. आणखी पुढे तर तो एका प्राचीन महापुरुषाच्या मुलाचा अवतार ठरतो. म्हणजे शेवटी रक्तच श्रेष्ठ! नेजी महायुद्धात थोरल्या पातीच्या मुलीला आणि नारुतोला वाचवताना मरतो. ज्या सेवेसाठी त्याच्या कपाळावर खूण होती तीच सेवा करत मरतो. दिलेला शब्द पाळून ती रीत मोडल्याचे कथेत ठळकपणे कुठे दिसत नाही. याउलट रॉक ली नावाचा पोरगा आहे. त्याला कसलीही जन्मजात विद्या नाही, निव्वळ मेहनतीवर तो उभा राहतो. त्याचा गुरू त्याचा अंगठा मागत नाही, उलट त्याच्यासाठी जीव टाकतो. एकलव्याला असा गुरू मिळाला असता तर! पण कथा पुढे सरकते तसा हाच पोरगा कडेला पडत जातो. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे आणि घराण्याच्या जोरावर जागा अडवणारे आपल्याकडेही एकच असतात, हे यावरून मुलांना दाखवून देता येईल.

'वन पीस' ही इइचिरो ओदा यांची कथा १९९७ पासून छापली जाते आणि १९९९ पासून पडद्यावर आहे. तिचे हजाराहून अधिक भाग झाले. तिच्यातले 'स्वर्गीय ड्रॅगन' नावाचे सरदार डोक्याभोवती काचेसारखा पारदर्शक फुगा घालून फिरतात. कशासाठी? सामान्य माणसांनी सोडलेली हवा आपल्या नाकात जाऊ नये म्हणून! विटाळाचे इतके नेमके चित्र आपल्या देशातल्या एखाद्या लोकप्रिय मालिकेने काढल्याचे आम्हाला आठवत नाही. हे सरदार माणसे विकत घेतात, त्यांच्या अंगावर डाग देतात. मत्स्यमानव जातीचा फिशर टायगर त्यांच्या गढीत शिरून गुलामांना सोडवतो. सोडवताना तो जात पाहत नाही. मग तो त्या डागावर सूर्याची खूण गोंदवतो, म्हणजे कोण गुलाम होता हे ओळखताच येऊ नये. अपमानाच्या खुणेचे स्वाभिमानाच्या खुणेत रूपांतर करणे म्हणजे काय, हे आमच्या समाजाला वेगळे शिकवावे लागत नाही. हा फिशर टायगर जखमी झाल्यावर माणसाचे रक्त घ्यायला नकार देऊन मरतो. मनातला द्वेष आपल्यालाच कसा खातो हेही ही कथा लपवत नाही.

तिचा कमकुवतपणा तिसऱ्या प्रश्नापाशी आहे. नायक लफी एका बेटावर येतो, जुलमी राजाला लोळवतो, मेजवानी झोडतो आणि जहाज घेऊन पुढे जातो. मागे राहिलेल्या लोकांचे काय? वानो नावाच्या देशात जुलमी शासक पडल्यावर गादीवर बसतो तो जुन्याच सरदार घराण्याचा मुलगा. पेशवाई गेली आणि छत्रपतींचा वंशज आला एवढ्याने महार-मांगांचे प्रश्न सुटले असते काय? सुटले ते संविधानाने, आणि तेही अर्धेच. लफी राजाला हरवू शकतो. कायद्याचा मसुदा लिहायला मात्र तो थांबत नाही. शिवाय स्त्रियांची शरीरे या मालिकेत ज्या पद्धतीने रंगवली जातात ती स्त्रीमुक्तीचा वारसा सांगणाऱ्या कोणालाही खटकावी अशीच आहेत.

ही नुसती कागदावरची चर्चा नाही. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात आणि सप्टेंबरमध्ये नेपाळात तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या हातांत याच मालिकेतला, गवती टोपी घातलेल्या कवटीचा झेंडा होता. काठमांडूत पंतप्रधान ओली यांना ९ सप्टेंबरला राजीनामा द्यावा लागला. कार्टूनच्या झेंड्याखाली सरकार पडू शकते, हे जगाने पाहिले. पण झेंडा म्हणजे कार्यक्रम नव्हे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या तिन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकत्र सांगितल्या. त्यातला फक्त संघर्ष उचलला की रस्ते पेटतात आणि दुसऱ्या दिवशी सत्ता पुन्हा त्याच शहाण्यांच्या हाती जाते.

'अटॅक ऑन टायटन' (हाजिमे इसायामा; चित्रकथा २००९ ते २०२१, चित्रमालिका २०१३ ते २०२३) ही बांधणीने या साऱ्यांत बळकट. एकात एक तीन तटबंद्या, आतल्या तटात अमीर-उमराव, बाहेरच्या तटात मरायला ठेवलेले गरीब. 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी जिने नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ती ज्यांनी वाचली आहे त्यांना हे तट ओळखीचे वाटतील. पुढे कळते की या लोकांचेच भाईबंद समुद्रापलीकडे दंडावर पट्टी बांधून कोंडवाड्यात जगत आहेत. पण इथेच मोठा दोष आहे. ज्या वंशाचा जग द्वेष करते त्या वंशाची माणसे कथेत खरोखरच राक्षस होऊ शकतात! म्हणजे द्वेष करणाऱ्याची भीती खरी ठरते. आपल्याकडे फासेपारध्यांना 'जन्मजात गुन्हेगार' ठरवणारा कायदा याच भीतीवर उभा होता; ती भीती खोटी होती. आणि नायक एरेन शेवटी सूड म्हणून साऱ्या जगाला पायाखाली तुडवायला निघतो. कथा त्याला निर्दोष ठरवत नाही, हे मान्य. तरी अनेक तरुण चाहते त्याच्यावरच फिदा असतात. सूड ही आपल्या चळवळीची भाषा कधीच नव्हती. महाडला मार खाऊनही बाबासाहेबांनी हात उगारू दिला नाही.

डहाणू-तलासरीच्या मुलांसाठी आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते ती त्या मानाने कमी गाजलेली 'गोल्डन कामुई'. सातोरु नोदा यांच्या कथेवरची ही मालिका २०१८ साली सुरू झाली. तिची नायिका असिर्पा ही जपानच्या उत्तरेकडील ऐनू या आदिवासी समाजाची मुलगी. ती जंगल ओळखते, शिकार करते, प्रत्येक वस्तूचे नाव आपल्या भाषेत सांगते; आणि युद्धातून आलेला सैनिक सुगिमोतो तिच्याकडून शिकतो. आदिवासीला मागास म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून दाखवणारी ही दृष्टी दुर्मीळ आहे. जपानी सरकारने १८९९ साली 'संरक्षणा'च्या नावाखाली कायदा करून ऐनूंना शेतीला आणि जपानी भाषेला जुंपले. तो कायदा १९९७ पर्यंत होता आणि ऐनूंना मूळनिवासी म्हणून मान्यता देणारा कायदा यायला २०१९ उजाडले. दोष असा की मालिकेत ऐनूंची जमीन कशी गेली यापेक्षा सोन्याच्या शोधाची मारामारी अधिक आहे. हिंसाही इतकी, की ती शाळकरी मुलांपुढे ठेवण्याजोगी नाही. मोठ्यांनी मात्र अवश्य पाहावी.

बौद्ध वाचकांनी ओसामु तेझुका यांचे 'बुद्ध' विसरू नये. १९७२ ते १९८३ या काळातल्या या चित्रकथेवर २०११ साली चित्रपट आला. तेझुकांनी बुद्धाच्या गोष्टीची सुरुवात राजवाड्यात केली नाही. ती गुलाम चाप्रा आणि अस्पृश्य ताता यांच्यापासून केली. चाप्रा जन्म लपवून सेनापतीचा मुलगा होतो आणि जन्म उघड होताच मारला जातो. जपानी माणसाला जे दिसले ते आपल्याकडच्या किती पंडितांना दिसले? मात्र चमत्कार त्यात भरपूर आहेत. रोहिणीच्या पाण्याचा तंटा, संघातले मतदान, युद्धाला नकार आणि त्यातून गृहत्याग हा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मांडलेला बुद्धिनिष्ठ बुद्ध तिथे मिळत नाही. तो पडद्यावर आणणे हे आपलेच काम आहे. दुसऱ्यांचे काम चालूच आहे: १९९३ सालचा जपानी बनावटीचा रामायणपट जानेवारी २०२५ मध्ये हिंदीसह अनेक भाषांत आपल्या चित्रपटगृहांत लागला. त्यात शंबूक नाही, हे सांगायला नकोच.

आणखी एक हिशेब मांडलाच पाहिजे. जपानमध्येही अस्पृश्यता होती. १८७१ साली तिथल्या सरकारने ती कागदावर रद्द केली, तरी बुराकू वस्तीतल्या माणसांचा छळ थांबला नाही. ३ मार्च १९२२ रोजी, महाडच्या पाच वर्षे आधी, त्यांनी क्योतो इथे 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारली. तरीही बुराकू वस्त्यांच्या याद्या कंपन्यांना गुपचूप विकल्या जात असल्याचे १९७५ साली उघडकीस आले. काल्पनिक बेटांवरच्या गुलामांसाठी रडणाऱ्या, आम्ही वर घेतलेल्या गाजलेल्या मालिकांत बुराकूंचे नाव येत नाही. दूरचा अन्याय दाखवायचा आणि दाराशी असलेला झाकायचा, ही सोय सगळीकडच्या उच्चवर्णीयांना चांगली जमते.

आता आपल्या दाराशी येऊ. तलासरीत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९० टक्के लोक आदिवासी आहेत. याच तालुक्यातल्या झरी इथे २३ मे १९४५ रोजी वारली जमले आणि त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. त्यांच्यासोबत गोदावरी परुळेकर होत्या आणि शामराव परुळेकर होते. हेच शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले होते. १९४५ सालीच १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि जेठ्या गांगड शहीद झाले. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या घरी राबणाऱ्या 'लग्नगड्यां'ची ही मुक्ती कुठल्याही वीराच्या एका ठोशाने झाली नाही. हजारो माणसांनी एकत्र उभे राहून केली. यात कोणत्या चित्रमालिकेपेक्षा कमी नाट्य आहे?

चित्र काढणारे हातही इथेच आहेत. डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांची चित्रे जपानपर्यंत पोचली. वारली चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसे सारख्याच आकाराची असतात. त्यात राजा मोठा आणि रयत लहान असे नसते. ती नुसती साडीवर आणि चहाच्या कपावर छापण्यासाठी नाहीत.

म्हणून पोरांच्या हातातला मोबाईल हिसकावू नका. विहारात, समाजमंदिरात, आश्रमशाळेत महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत बसा. फुगा घातलेला सरदार दाखवा आणि विचारा, हा आपल्या गावात कुठे राहतो? नेजीच्या कपाळावरची खूण दाखवा आणि विचारा, ही पुसायला कायदा पुरे की आणखी काही लागेल? 'नारुतो'चा बाप कोण निघाला यावर वाद घाला. त्यांना त्यांचीच मालिका आवडीने तपासू द्या. तपासायला शिकलेले पोर पुढे पोथीही तपासते आणि जाहीरनामाही. आणि ज्या पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लफीचे चित्र आहे, त्याला झरीची गोष्ट सांगा, महाडची गोष्ट सांगा, आणि चांगले रंग व कागद आणून द्या. समाजातल्या नोकरदारांनी जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग त्यासाठी बाजूला काढला तरी सुरुवात होईल. आपला वीर जपानहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

जय भीम!