तुमचा ‘कल’ कोण ठरवतं?

गणपतीपुळ्याच्या आसपासच्या बौद्धवाड्यांमधल्या दहावी-बारावीच्या मुलांसोबत आम्ही काम करतो. हल्ली या मुलांच्या मोबाईलवर एक निकाल वारंवार दिसतो. पन्नास-साठ प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि शेवटी कळतं की तुमचं व्यक्तिमत्त्व अमुक प्रकारचं आहे, म्हणून अमुक करिअर तुम्हाला शोभेल. आमच्या पोरापोरींना काय शोभतं? तर ती सोशिक, मनमिळाऊ, मदतीला तत्पर. सबब क्षेत्र हॉटेल आणि पर्यटन. देवळापासून किनाऱ्यापर्यंत लॉज आणि खानावळी उभ्या असलेल्या गावात हे सांगायला मानसशास्त्र कशाला हवं? कुठल्याही लॉजमालकाने चाचणी न घेता हेच सांगितलं असतं.

हॉटेलातलं काम हलकं आहे असं आम्ही म्हणत नाही. त्या पगारावर आमच्या वाड्यांतली कितीतरी घरं चालतात. आमचा आक्षेप आहे तो परिस्थितीला ‘स्वभाव’ म्हणण्याला. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून जगावं लागलं, त्या घरातला मुलगा ‘मी वाद टाळतो’ या विधानापुढे ‘होय’ अशी खूण करणारच. तो त्याचा पिंड नाही, त्याला मिळालेली शिकवण आहे.

या चाचण्या आल्या अमेरिकेतून. जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून माणसांचे आणि व्यवसायांचे सहा प्रकार रूढ झाले. सोळा प्रकारांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी तर मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नसलेल्या मायलेकींनी तयार केली. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो! आपल्या राज्य मंडळानेही 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. अहवालात क्षेत्र कळायचं. फी कुठून आणायची, वसतिगृह कुठे मिळेल, हे कुठून कळणार?

पण आंबेडकरी तरुणाला यात काही ओळखीचं वाटत नाही का? गुण पाहून कर्म ठरवायचं, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चातुर्वर्ण्य जन्मावर नव्हे, गुणांवर आधारलेलं आहे असं सांगणारे सुधारक बाबासाहेबांच्या काळातही होते. 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी त्यांचा समाचार घेतला आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने जे भाषण होऊ दिलं नाही, तेच हे. त्यात ते थेट प्लेटोवर येतात. प्लेटोने माणसांच्या स्वभावाचे तीन वर्ग केले. बाबासाहेबांचा आक्षेप असा की प्रत्येक माणूस वेगळा असतो आणि एकाच माणसात अनेक प्रवृत्ती असतात, हे प्लेटोला दिसलंच नाही. प्लेटोचे तीन, मनूचे चार, हॉलंडचे सहा, मायलेकींचे सोळा. खण वाढले म्हणून माणूस त्यात मावत नाही. मनू आणि हॉलंड एकच, असं आम्ही म्हणत नाही. मनूच्या खणातून बाहेर पडण्याला शिक्षा होती, इथे ती नाही. पण आधीच दारं बंद असलेल्या मुलाच्या हाती ‘तुझा स्वभावच असा’ असं लिहिलेला कागद दिला, की ती दारं त्याला भिंती वाटू लागतात.

बाबासाहेबांचंच पाहा. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून शाळेत ते शिकू दिलं नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. तेव्हा कुणी त्यांचा कल तपासला असता तर शाळेच्या दाखल्यावरून फारसीचाच कल निघाला असता. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः अभ्यासलं.

आणखी एक दाखला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, वडील सुभेदार. कोकणातल्या महारांच्या कितीतरी पिढ्या मुंबई लष्करात लढल्या. 1890 च्या दशकात मात्र ‘लढाऊ वंशां’चा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. म्हणजे अख्ख्या जमातीचा व्यक्तिमत्त्व-प्रकारच साहेबाने ठरवून टाकला! त्याविरुद्ध 1894 मध्ये विनंतीअर्ज तयार केला तो दापोलीला राहणाऱ्या निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकरांनी. पुढे पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये महार पलटण उभी राहिली, 1921 मध्ये मोडली आणि दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, महार रेजिमेंट पुन्हा उभी करावी लागली. यात महारांचा स्वभाव किती वेळा बदलला? बदलत होती ती सरकारची गरज. (जाता जाता एक: गटारात उतरणाऱ्या माणसाचा कल अजून कुणी तपासलेला नाही. तिथे जात पाहून काम भागतं.)

‘मग मुलांनी आवडीचं काम निवडूच नये का?’ असं काही मित्र विचारतात. निवडावंच. माणसाला स्वतःचा व्यवसाय स्वतः निवडता येईल इतकी त्याची क्षमता वाढली पाहिजे, हाच तर बाबासाहेबांचा मुद्दा आहे. पण जे पाहिलंच नाही त्याची आवड कशी असेल? गणपतीपुळ्याची पोरं समुद्रकाठी वाढतात. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, इथून तासाभराच्या अंतरावर. आमच्या वाडीतल्या किती पोरांनी ते आतून पाहिलंय? जिल्हा न्यायालयात वकील कसा उभा राहतो, हे कितीजणींनी पाहिलंय? प्रयोगशाळा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेल्या मुलीला ‘प्रयोग करायला आवडेल का?’ असं विचारायचं आणि तिने ‘माहीत नाही’ म्हटलं की विज्ञान तिच्यासाठी बाद!

म्हणून मंडळांना आणि शाखांना आमचं सांगणं आहे: चाचणीची शिबिरं भरवण्याआधी मुलांना या जागा दाखवा. तिथे शिकणाऱ्या, तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसांशी त्यांची गाठ घालून द्या. कल त्यानंतर विचारा. सोबत स्वाधार योजनेचा अर्ज, शिष्यवृत्ती, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला यांची कामं दहावीचा निकाल लागण्याआधीच हाती घ्या. मे महिन्यात हॉल भाड्याने घेऊन, बाहेरून वक्ता बोलावून शिबिर घ्यायला वर्गणी निघते. तेवढ्याच पैशांत रत्नागिरीला जाऊन यायला एक गाडी ठरवता येते.