शेवटच्या नळाचं पाणी

२०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पूर ओसरल्यावर माझ्या उपकेंद्राच्या गावात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर पाण्याच्या बाटल्या. देवळाच्या मंडपात खोक्यांची थप्पी लागली. देणाऱ्यांचे उपकारच, पण बाटलीचं पाणी प्यायला. चूळ भरायला, भाजी धुवायला, भांडी विसळायला नळच. गॅस्ट्रोला तेवढी वाट पुरते.

मी तेव्हा आरोग्यसेविका होते. टाकीखालच्या नळाला ओटी टेस्ट घेतली. नळीत पाणी, वर औषधाचे थेंब, झकास पिवळा रंग. म्हणजे क्लोरीन आहे. वहीत ‘योग्य’ लिहून मोकळं होता आलं असतं. पण खालच्या आळीत दोन पोरांना जुलाब होते, म्हणून तिकडं गेले. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घेतलं. थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं, पांढरं.

“सिस्टर, पावडर टाकलीया की सकाळी,” जलसुरक्षक म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. आम्ही पाइपलाइन धरून चालत निघालो. ओढ्याजवळ व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्यानं भरलेला, आणि व्हॉल्व्ह गळका. पाणी चालू असताना गळती बाहेर जाते. नळ बंद झाले, की रिकामी होणारी लाइन तेच घाण पाणी आत ओढते. क्लोरीन त्या घाणीशी झुंजताना वाटेतच संपतं.

माझं म्हणणं एवढंच, पुरानंतर गावचा अहवाल टाकीवरून भरू नये, शेवटच्या नळावरून भरावा. तिथं लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं, साथीच्या दिवसांत ०.५. आणि टेस्ट ‘अयोग्य’ लिहिणाऱ्याला नोटीस काढायची सवय वरच्यांनी सोडावी. त्या भीतीनंच नळ्या वहीत पिवळ्या होतात.

टीसीएलचंही, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचंही, तसंच. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ओल्या खोलीत तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यात राहतो तो चुना. मग जलसुरक्षकानं बादलीत कितीही ढवळावं, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी, हाती काय लागणार? पावसाळ्याआधी नवं पोतं आणि त्या माणसाला वेळेवर मानधन, एवढा खर्च तरी परवडावा.

व्हॉल्व्ह बदलला. पहिलं पाणी वॉशआउटमधून सोडून दिलं, प्यायच्या पाण्यात टाकायचं मेडिक्लोर घरोघर वाटलं. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतली नळी पिवळी झाली. घरातल्या आजी दारातच उभ्या होत्या.

“काय गं बाई हे, पाण्याला वास येतोय. च्यासुदिक पिववंना.”

“येऊ दे आजी अजून पंधरा दिवस,” म्हटलं, आणि नळी खिशात घालून पुढच्या घरी गेले.