घरची तंबाखू आणि 'नैसर्गिक' हा शब्द

परसदारी तंबाखूची दहा-वीस रोपे लावावीत, पाने स्वतःच्या हाताने उतरवावीत, सुकवून मुरवावीत आणि वर्षभर स्वतःपुरती वापरावीत, असा एक छंद पाश्चात्त्य देशांत रुजला आहे. कॅनडात प्रौढ व्यक्तीस स्वतःच्या वापरासाठी वर्षाला १५ किलोपर्यंत अशी तंबाखू तयार करण्याची कायद्याने मुभा आहे. ऑस्ट्रेलियात मात्र परवान्यावाचून तंबाखू पिकवणे हाच गुन्हा ठरतो. सिगारेटवरील जबर कर हे या छंदाचे एक कारण होय. दुसरे कारण मात्र वैद्यवर्गास विचार करावयास लावणारे आहे. 'आमच्या तंबाखूत कारखान्याची रसायने नाहीत, ती नैसर्गिक आहे, म्हणून ती बाधत नाही,' असा हा युक्तिवाद आहे. 'नैसर्गिक' हे विशेषण समाज सर्वप्रथम आपल्या शास्त्राशी जोडतो. त्यामुळे या युक्तिवादास उत्तर देण्याचे दायित्वही आपल्याकडेच येते, असे आम्हांस वाटते.

या छंदात कौशल्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तंबाखूचे बी इतके सूक्ष्म की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात. रोपे जपावी लागतात, फुलोरा येताच शेंडे खुडावे लागतात, बगलफूट काढावी लागते. पाने उतरवल्यावर तर खरी परीक्षा सुरू होते. खुडलेले पान काही दिवस सजीवच असते. त्यातील पिष्टाची शर्करा होते, हरितद्रव्य विघटित होते आणि पान पिवळे पडते. घाईने वाळवल्यास ते हिरवेच राहते व उग्र लागते; दमटपणा अधिक झाल्यास बुरशी धरते. सावलीत, खेळत्या हवेत कित्येक आठवडे टांगून आणि पुढे कित्येक महिने मुरवून मगच ते रुचकर होते. एवढी निगा राखणाऱ्याला आपल्या पानाविषयी ममत्व वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु ममत्वाने द्रव्याचा स्वभाव पालटत नाही. संस्काराने द्रव्यात गुणांतर होते हा आपला सिद्धांत खरा. तथापि प्रत्येक संस्कार म्हणजे शोधन नव्हे. वत्सनाभ आपण गोमूत्रात वा गोदुग्धात शोधतो, भल्लातक विटेच्या चूर्णात घोळतो. त्यामागे विषाची तीव्रता घटवण्याचा हेतू असतो. तंबाखू मुरवण्याचा हेतू रुची, गंध आणि ज्वलनसुलभता एवढाच. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत साठते आणि शेंडे खुडल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे जी क्रिया पानाला जाडी व कस देते, तीच त्याचे विषही वाढवते. याहून गंभीर गोष्ट अशी की, पान सुकताना व मुरताना त्यावरील सूक्ष्मजीव नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्याचा निकोटीनादी द्रव्यांशी संयोग होऊन नायट्रोसामाइन निर्माण होतात. यांपैकी एनएनएन व एनएनके या दोहोंस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ च्या आपल्या ग्रंथात मानवी कर्करोगास कारणीभूत द्रव्यांच्या पहिल्या वर्गात स्थान दिले आहे. त्यांच्या निर्मितीस कारखाना लागत नाही. माळ्यावरची दोरी पुरते. पान जाळल्यावर निघणारे डांबर व कार्बन मोनॉक्साइडही घरच्या-बाजारच्या पानात भेद करीत नाहीत. ओल्या पानांतील निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते. त्यामुळे पाने उतरवणाऱ्यास मळमळ, वांती व भ्रम होतो.

कोणी चरकोक्त धूमपानाचा दाखला देईल. त्यास आमचे उत्तर असे की, सूत्रस्थानातील धूमपानात द्रव्य, काल, मात्रा, धूमनेत्र आणि अपात्र व्यक्ती यांचे काटेकोर नियम आहेत, आणि त्या द्रव्यांत तंबाखू नाही. असणारही कशी? ती पोर्तुगीजांबरोबर या देशात आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा तेथील हकिमाने अपरिचित द्रव्य म्हणून तीस विरोधच केला होता. योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात तमाखूचा उल्लेख येतो. पण उल्लेख म्हणजे अनुज्ञा नव्हे. याच न्यायाने तंबाखूऐवजी 'औषधी विडी' सुचवण्याची प्रवृत्तीही आम्हांस मान्य नाही. कोणतीही वनस्पती जाळली की डांबर व कार्बन मोनॉक्साइड निघतातच.

हा सारा परदेशी छंदाचा विषय म्हणून सोडून द्यावा, तर आपल्या महाराष्ट्रात तंबाखूवरील घरगुती संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली मिशेरी आजही अनेक घरांत सकाळी हिरड्यांवर फिरते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. मिशेरी लावणारी स्त्री तिला व्यसन समजत नाही. ती दंतमंजन समजते. 'तंबाखू घेता का?' या प्रश्नास ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, आणि गर्भिणीपरीक्षेतील एक मोठा हेतू आपल्या नोंदीतून निसटतो. गर्भारपणी तंबाखू घेतल्यास बालकाचे वजन कमी भरते, हे आता सुविदित आहे.

म्हणून आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती आहे. रुग्णास 'दात कशाने घासता?' हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर मिशेरी असे आल्यास रागावू नये. अपथ्य क्रमाक्रमाने सोडण्याचा चरकोक्त पादांशिक क्रम आपल्या हाती आहेच. त्याची अखेर कोणत्या दिवशी होणार, हे मात्र रुग्णाबरोबर आधीच ठरवावे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवाही त्यास सांगावी. परसबागेची हौस असणाऱ्यास तुळस, अडुळसा, गुळवेल यांची रोपे द्यावीत. निगा राखण्याचा आनंद तेथेही तितकाच आहे.

वत्सनाभही नैसर्गिक आहे, धोतराही नैसर्गिक आहे. द्रव्याची परीक्षा त्याच्या गुणकर्मांवरून करावी, ते कोणाच्या अंगणात उगवले यावरून नव्हे, हे सांगण्याचा अधिकार वैद्याइतका दुसऱ्या कोणासही नाही. तो आपण निःसंकोचपणे बजावावा.