बियाण्याचे मूळ

चांदीचा कस पारखल्यावाचून कामास हात न घालणाऱ्या हुपरीच्या परिसरात, उजाड माळावर लावावयाच्या वृक्षांचे बी कोणत्या रानातले याची चौकशी सहसा होत नाही, ही खेदाची बाब आहे. गगनबावड्यास सरासरी ५००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळकडे त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. तेव्हा पश्चिमेकडील अतिवृष्टीच्या दाजीपूर अरण्यातील बी केवळ जिल्हा एक म्हणून येथे कमी पावसात तग धरील, हे गृहीत धरणे अनुचित होय. आळत्याच्या अल्लमप्रभू देवराईसारख्या निकटच्या, समान पर्जन्याच्या रानांतून, एकाच वृक्षावर न विसंबता, अनेक वृक्षांचे थोडथोडे बी जमवावे आणि प्रत्येक रोपाच्या मूळस्थानाची नोंद दप्तरी ठेवण्याची तजवीज वनखात्याने व नगरपरिषदेने येत्या पावसाळ्यापूर्वी करावी.