वसुलीआधी विचारपूस

आम्ही महाराष्ट्रातल्या नागरी आणि पगारदार पतसंस्थांचे सभासद, कर्मचारी आणि पिग्मी प्रतिनिधी. आजपासून आम्ही एक चळवळ सुरू करत आहोत. सभासदाचा हप्ता थकला, तर नोटीस काढण्याआधी त्याच्या घरी काय चाललंय हे संस्थेने विचारावं. आणि विचारायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याचीही तितकीच काळजी घ्यावी.

1875 साली सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं जाळली. सावकारी पाशातून माणूस सुटावा, म्हणून 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्या वारशातली एखादी संस्था जामीनदाराला त्याच्या ऑफिसात चारचौघांसमोर गाठते, थकबाकीदाराचं नाव चौकात लावते, तेव्हा सभासदाला संस्था आणि सावकार यांत फरक दिसत नाही. हे आम्हाला मान्य नाही.

अडचण आधी कळत नाही, ही सबब आम्ही ऐकणार नाही. बाजारात रोज फिरणाऱ्या पिग्मीवाल्याला सगळं कळतं. रोज शंभर रुपये भरणारी भाजीवाली पन्नासावर येते, मग ‘उद्या देते’ म्हणते, मग चार दिवस तिची जागाच रिकामी असते. नवरा दवाखान्यात आहे, हे शेजारचा कांदेवाला सांगतो. तिच्या कर्जाचा हप्ता अजून थकलेलाही नसतो. पण पिग्मीच्या मशीनमध्ये खाते क्रमांक आणि रक्कम एवढंच जातं. बाकी शाखेत कुणी विचारत नाही. ते विचारलं जावं. तिच्या संमतीनेच, आणि गल्लीत बभ्रा न करता. त्याच आठवड्यात हप्त्यांची फेरआखणी करून द्यावी, दवाखान्यासाठी तिच्या ठेवीवर त्याच दिवशी कर्ज द्यावं.

हा पिग्मीवाला मात्र अंगात ताप असला तरी फिरतो, कारण घरी बसला तर कमिशन बुडतं. सिंडिकेट बँकेच्या ठेव प्रतिनिधींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगितलं, की हे प्रतिनिधी कामगारच आहेत आणि कमिशन हे त्यांचं वेतन आहे. पतसंस्थांनी आपल्या माणसांना कोर्टाची पायरी चढायला लावू नये. अपघात विमा आणि आजारपणात बुडालेल्या दिवसांची भरपाई त्यांना मिळालीच पाहिजे. मार्चअखेरीस रात्री उशिरापर्यंत वसुलीला पाठवलेला कारकून दारोदार शिव्या खातो. त्याला एकट्याने पाठवू नये, आणि वसुलीचा आकडा गाठला नाही म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नये.

पगारदार संस्थांसाठी एक वेगळी गोष्ट. 1936 च्या वेतन कायद्यात सहकारी संस्थेचं देणं असेल, तर पगाराच्या 75 टक्क्यांपर्यंत कपात चालत असे. 2019 च्या वेतन संहितेत ही मर्यादा 50 टक्के आहे. आमचं म्हणणं, हा हिशेब कर्ज मंजूर करतानाच व्हावा. सगळ्या कपाती जाऊन निम्मा पगार हातात उरत नसेल, तर आणखी कर्ज देणं म्हणजे त्या घराचं नुकसान करणं आहे.

आम्ही कर्जमाफी मागत नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं ठेव विम्याचं कवच नाही. तिथे बुडालेलं कर्ज दुसऱ्या सभासदाच्या आयुष्यभराच्या बचतीवर येतं. म्हणूनच वेळेवर हप्ते जुळवून देणं ठेवीदाराच्याही हिताचं आहे.

पैसा कुठून आणायचा? कायद्याने लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. तो आणखी थोडा कमी घ्यायला आम्ही तयार आहोत. सभेला मिळणारी बॅग आणि स्टीलचा डबाही नको. त्या रकमेतून सभासद आणि कर्मचारी कल्याण निधी सुरू करा.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधी आपल्या संस्थेच्या सचिवांना लेखी पत्र द्या, हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि सभेला शेवटपर्यंत बसा.